ऐकू येत नाही

माझा आवाज मोठा आहे. मी कुणावर ओरडते असं नाही, पण साधं "मीठ दे" म्हटलं तरी शेजारच्या घरातली बाई मीठ घेऊन येईल, अशी गत. सासरी आले त्या दिवसापासून माझ्या नणंदेनं मला एकच वाक्य ऐकवलं, "हळू, वहिनी. बायका झोपल्यात." त्यामुळे गेल्या वर्षी एका सकाळी चादरींच्या घड्या घालता घालता त्या मला म्हणाल्या, "हल्ली तू हळू बोलायला लागलीस हं. उतारवयात का होईना, शहाणी झालीस," तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. भेटेल त्याला मी ते सांगत सुटले. आमच्या ह्यांनाही सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं, "तू? हळू?" म्हणाले आणि परत खाली घातलं. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता. पण त्या घरात माझं कौतुक म्हणजे उंबराचं फूल, मी कशाला त्याची पाकळी न् पाकळी तपासत बसते.

माझी ही नणंद म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. आमच्या सगळ्या भागातली पहिली बाई डॉक्टर. बाई वैद्यकीच्या कॉलेजात गेली तर आभाळ कोसळेल असं लोकांना वाटायचं, त्या काळात त्या गेल्या. वर्गात त्यांना दाराजवळ पडद्यामागं बसवायचे. मास्तर फळ्यावर काय काढतायत ते दिसायचं नाही, म्हणून त्या नुसतं ऐकायच्या आणि घरी येऊन ऐकलेलं कागदावर काढायच्या. "माझे कान त्या पडद्यानं तयार केले," असं त्या म्हणायच्या. एवढं शिकून आल्या, दाराला पाटी लावली, तर लोक येऊन विचारत, "डॉक्टरीणबाई, डॉक्टर कधी येतील?" डॉक्टरची बायको ती डॉक्टरीण, हेच लोकांना ठाऊक. नवराच नसलेली डॉक्टरीण त्यांच्या गळी उतरायला बरीच बाळंतपणं जावी लागली. मोठ्या दवाखान्याचे मुख्य डॉक्टर तर भर सभेत म्हणाले होते, की बाई म्हणजे सुईणच, फक्त नावापुढं अक्षरं जास्त. त्यावर वन्सं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की साहेबांनाही या जगात कुण्या सुईणीनंच आणलं असणार, तिनं आपलं काम चोख केलेलं दिसतंय, पुढचं तिच्या हातात नव्हतं.

वन्सं म्हणजे त्याच. नणंदेला मी वन्संच म्हणते. नात्यानं मी मोठी, वयानं त्या. त्यामुळे मी त्यांना अहो-जाहो करायची आणि त्या मला "वहिनी" म्हणून लगेच "तू" वर यायच्या.

लग्न होऊन मी आले तेव्हा आम्हा दोघांना मिळायची ती बाहेरची खोली वन्संनी आधीच बळकावली होती. मी हौसेनं दार ढकललं, तर आत एक दिवस भरलेली बाई भिंतीला टेकून कण्हतेय आणि माझी नणंद बाह्या वर करून उभी. मला पाहून म्हणाल्या, "नवी वहिनी ना तू? बरं झालं आलीस. ती किटली आण." झाला माझा गृहप्रवेश. त्या दिवशी हातात घेतलेली किटली मी अजून खाली ठेवलेली नाही. खोलीचे दोन पलंग झाले, शेजारचं घर घेतलं, त्याचं सूतिकागृह झालं, मागच्या पडवीत सुईणींची शाळा सुरू झाली. आम्ही नवराबायको माळ्यावर सरकलो ते आजतागायत माळ्यावरच आहोत. मीही त्या शाळेत शिकले. शिकले म्हणजे काय, शिकवल्याशिवाय वन्सं जेवू द्यायच्या नाहीत.

त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला आमच्याकडं एक लाकडी नळी असते, वीतभर लांब, दोन्ही तोंडांशी रुंद. एक तोंड पोटावर टेकायचं, दुसऱ्याला कान लावायचा. वन्संचा नियम असा, की कान लावला की एका हाताचं बोट पलंगाच्या दांडीवर ठेवायचं आणि आत जसे ठोके पडतील तसं ते वाजवायचं. त्या स्वतः त्या वेळी पलंगावरच्या बाईची नाडी धरून उभ्या असत. नवी मुलगी पुष्कळदा आईचीच नाडी ऐकते. कधी स्वतःच्या कानातलं रक्त ऐकते. आणि कधी तिला काहीच ऐकू येत नाही, पण बाई रागावतील म्हणून बोट मात्र वाजवत राहते. वन्संना नुसतं बोट बघून कळायचं. खोटं बोट वाजवणाऱ्या मुलीवर त्या ओरडत नसत. तिला बाहेरच्या बाकावर बसवायच्या आणि सांगायच्या, "ऐकू येत नाही म्हणायची जिला लाज वाटते तिनं शिवणकाम शिकावं. तिथं चुकलं तर उसवता येतं."

त्या बाकावर मीही बसलेली आहे.

म्हणूनच आमच्या घरात "ऐकू येत नाही" हे शब्द कुणी सहज तोंडातून काढत नसे. एकीनं म्हटलं की दुसरी नळी लावायची, मग तिसरी, शेवटी वन्सं. त्या पुष्कळ वेळ ऐकायच्या, जागा बदलून बदलून. त्याही तेच म्हणाल्या की मग काही उरत नसे. त्या स्टूल ओढून त्या बाईच्या उशाशी बसायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या आणि तिला तसंच सांगायच्या, आडपडदा न ठेवता. जी रडेल तिला रडू द्यायच्या, जी मारेल तिचा मार खायच्या. माझी लेक या घरात वाढली. स्वयंपाकघरातून मी हाक मारली आणि तिला यायचं नसलं तर "दार लागलं होतं" म्हणायची, "कामात होते" म्हणायची. पण ते तीन शब्द तिनं कधी म्हटले नाहीत. तिला कुणी तसं बजावलं नव्हतं.

तर त्या कौतुकानंतरची गोष्ट. पाववाल्याची बायको आली होती, तिचं तिसरं. वन्संनी नळी लावली आणि बोट दांडीवर ठेवलं. मी त्या बाईची मान पुसत होते. बोट छान वाजत होतं, घट्ट आणि एका चालीत. तेवढ्यात गल्लीतून रिकामे डबे लादलेली हातगाडी खडखडत आली. असा आवाज झाला की वन्सं डोळे मिटून नळी दाबून धरायच्या, बोट थांबवायच्या, आवाज गेला की परत सुरू. आणि गाडीवाल्याला चार शब्द. त्या दिवशी गाडी आली, आमच्या खिडकीखाली थांबली, डबे उतरले, चढले, गाडी गेली. बोटाला पत्ता नाही.

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. डोळे मिटलेले, चेहरा शांत, आणि बोट आपलं चाललंय. एवढ्या वर्षांत हजारो बाळांचे ठोके त्या बोटातून गेले होते. आता ते बोट आठवणीतूनच वाजत होतं. "उत्तम आहे," वन्सं म्हणाल्या आणि नळी माझ्या हातात देऊन पुढच्या पलंगाकडं गेल्या. मी वाकून स्वतः ऐकलं. बाळ खरोखरच उत्तम होतं. पण ते वन्संना माहीत नव्हतं. आणि मी हळू वगैरे काही बोलायला लागले नव्हते, हेही मला तिथंच, पाववाल्याच्या बायकोच्या पोटावर कान ठेवल्या ठेवल्या कळलं.

त्या दिवसापासून माझं काम दुप्पट झालं. वन्सं ऐकून खोलीबाहेर पडल्या, की उशी सारखी करायच्या निमित्तानं मी परत नळी लावायची. बाई विचारायची, "आत्ताच तर ऐकलं की?" मी म्हणायची, "तुझं बाळ गोड गातं, म्हणून परत ऐकते." असं प्रत्येक पलंगापाशी. संध्याकाळपर्यंत माझे पाय सुजून उशीसारखे व्हायचे आणि कानात नुसती घूं घूं. वन्संही थकल्या होत्या. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायच्या आणि भिंतीकडं टक लावून बघायच्या, जणू तिथं काही बघण्यासारखं आहे. मी खाली उभी राहून त्या वर पोचेपर्यंत किटली घासत असल्याचं सोंग करायची. दोन म्हाताऱ्या, दोन सोंगं. कोण कुणाला फसवतंय याचा मला विचार करायलाही त्राण नसायचं.

सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं कसं? हळू सांगावं तर पोचत नाही, मोठ्यानं सांगावं तर गुपित राहत नाही. आणि आमच्या घराच्या भिंती पातळ. मोठ्या दवाखान्यातले नवे साहेब येता-जाता गोड बोलून विचारायचे, "बाईंची तब्येत कशी आहे? आता विश्रांती घ्यायला हवी त्यांनी." सूतिकागृह त्यांना स्वतःच्या हाताखाली हवं होतं. त्यांना नुसतं निमित्त हवं होतं, आणि ते मी माझ्या भोंग्यासारख्या आवाजात त्यांच्या हातात ठेवणार होते.

तरी एकदा हिय्या केला. कपड्यांच्या खोलीचं दार जाड आहे. वन्सं चादरी बघत होत्या, मी आत जाऊन दार लावून घेतलं.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू कमी येतंय."

"ठेव तिकडं," त्या म्हणाल्या.

मी आवाज थोडा चढवला. "कमी येतंय म्हटलं."

"कमी येणारच. धोबी दर खेपेला एखादी गिळतो. मी कधीची सांगतेय."

हसावं की रडावं कळेना. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून सगळ्या घड्या घातल्या. त्यांना खरंच ऐकू आलं नाही, की आलं म्हणूनच त्यांनी ते धोब्याच्या गळ्यात घातलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि अशात माझी लेक बाळंतपणाला आली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, नाव वन्संनीच ठेवलं, कारण पोर एका जागी ठरत नसे. आता मात्र पोटाच्या भारानं बसल्या जागची उठत नव्हती. आल्या आल्या मी तिला म्हटलं, "मोठ्या दवाखान्यात जाऊ या. तिथं आता नवीन सोयी झाल्यात."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला स्टेशनवर बाळंत व्हायला सांगितलं. "आई, मी आत्याच्या हातात आले. माझं बाळही तिच्याच हातात येणार. आणि तूच ना गावभर सांगत असतेस, असे हात दुसरे नाहीत म्हणून?"

"हात नाहीतच गं दुसरे."

"मग?"

रात्री ह्यांना सांगितलं. हे छताकडं बघत म्हणाले, "तू सांग तिला."

"बहीण तुमची आहे. तुम्ही सांगा."

"मला रागावेल ती."

"आणि मला काय ओवाळणार आहे?"

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच तयार नाही. आणि आमच्या मांजराला तर घंटा ऐकूही आली नसती. हे झोपले. मी जागी राहून एक गोष्ट मनाशी पक्की केली. माझ्या लेकीच्या पोटावर खोटं बोट वाजलं, तर मी सगळ्यांसमोर वन्संच्या हातून नळी काढून घेईन. जिनं मला माणसात आणलं, तिचं मी सगळ्यांदेखत माकड करीन. पोटच्या पोरीपुढं दुसरं काही नाही. असं ठरवलं आणि पहाटेपर्यंत रडत पडले.

भिंगरीला सकाळी कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका नाही. बाहेरच्या बाकावर हे आणि जावई, दोघंही एकच वर्तमानपत्र उलटं-सुलटं वाचत होते. आत आम्ही चौघी. वन्सं, मी, पलंगावर भिंगरी आणि कोपऱ्यात नव्यानं लागलेली एक नर्स, जिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ऊन खिडकीतून सरकत पलंगाच्या पायाशी आलं होतं. भिंगरीचे केस ओले होऊन कपाळाला चिकटले होते. ती आता ओरडतही नव्हती. कळ आली की माझा हात पिळायची, कळ गेली की डोळे मिटून पडायची, आणि मला ओरडण्यापेक्षा त्याचीच भीती वाटत होती.

डोकं खाली आलं होतं आणि तिथंच अडून बसलं होतं. अशा वेळी दोनच वाटा. बाळ आत दमलेलं नसेल तर आईला वेळ द्यायचा. दमलं असेल तर वेळ द्यायचा नाही, चिमटा लावून त्याला बाहेर घ्यायचं. उगाच चिमटा लावला तर इजा, आणि लावायला उशीर केला तर त्याहून वाईट. कुठली वाट धरायची ते ठोके सांगतात. दुसरं कुणी सांगू शकत नाही.

"नळी," वन्सं म्हणाल्या.

नर्सनं नळी दिली. वन्सं वाकल्या. त्यांनी भिंगरीच्या पोटावर तळवा फिरवून बाळाची पाठ शोधली, बरोबर जागेवर नळी टेकली, कान लावला आणि डोळे मिटले. दुसऱ्या हाताचं बोट पलंगाच्या दांडीवर आलं. नळी काढून घ्यायला निघालेला माझा हात निम्म्या वाटेत थांबला होता. मी त्या बोटाकडं पाहत होते. वाजवू नका, मी मनात म्हणत होते. वन्सं, पाया पडते, आज वाजवू नका.

बोट वर उचललं गेलं. तसंच राहिलं. मग हळूच दांडीवर टेकलं आणि तिथंच पडून राहिलं.

वन्संनी नळी जरा सरकवली. परत ऐकलं. परत सरकवली. मग डोळे न उघडताच, नेहमीच्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "ऐकू येत नाही."

भिंगरीनं डोळे उघडले. तिनं हंबरडा फोडला असता तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडं पाहायला लागली. लहानपणी दाराच्या फटीतून तिनं ते स्टूल ओढलेलं कितीतरी वेळा पाहिलं होतं. आता ते तिच्याकडं ओढलं जाईल अशी ती वाट पाहत होती. कोपऱ्यातल्या नर्सच्या हातातून भांडं खाली पडलं, केवढा आवाज झाला. वन्सं दचकल्या नाहीत. आणि मी, जी सगळं कारण जाणत होते, तीही क्षणभर विसरले. माझ्याही मनात आलं, गेलं बाळ. तीन शब्दांची इतक्या वर्षांची सवय, ती अंगातून निघत नाही.

मग वन्संनी डोळे उघडले आणि त्यांना भिंगरीचा चेहरा दिसला. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा गडबडलेलं पाहिलं.

"मला," त्या घाईनं म्हणाल्या. "मला, बाळा. मला ऐकू येत नाही. माझे कान गेलेत." त्यांनी भिंगरीच्या गालाला हात लावला. "बाळाचं मी काही म्हटलेलं नाही. कान गेलेत माझे, भिंगरे, कधीचे." आणि माझ्याकडं वळून नळी पुढं केली. "वहिनी. रोज माझ्या मागनं ऐकतेस ना? आज माझ्यासमोर ऐक."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. माझ्या उश्या, माझं गोड गाणारं बाळ, सगळं. मी मागं आहे या भरवशावर त्यांनी ते बोट इतके दिवस चालवलं होतं, आणि मी समजत होते की मी त्यांना सांभाळतेय. राग आला मला. पण रागवायला वेळ नव्हता.

मी कान लावला. आधी मला माझंच काळीज ऐकू आलं, धडधड धडधड, दुसरं काही नाही. हीच ती नव्या मुलींची चूक. मी श्वास रोखला आणि वाट पाहिली. मग त्या धडधडीच्या खालून, लांबून, कुणी घाईघाईनं चालत यावं तसे ठोके आले. बारीक, पण आले. मला दांडी सापडेना, म्हणून मी वन्संचं मनगट धरलं आणि त्यावर बोट वाजवायला लागले.

वन्सं त्या बोटाकडं बघत राहिल्या. एक हात भिंगरीच्या नाडीवर, दुसऱ्या मनगटावर माझं बोट. म्हातारी माझी परीक्षा घेत होती, त्या घटकेलाही. मग त्यांनी मान हलवली. "हं. खरं आहे. आता कळ येऊ दे. सोडू नकोस."

कळ आली. ठोके मंदावले, माझं बोटही मंदावलं. कळ गेली. ठोके पळायला हवे होते. ते आळसावल्यासारखे पडत राहिले, मग कितीतरी वेळानं सावरले. पुढच्या कळेला त्याहून उशीर.

वन्संना मनगटावरच कळलं. "दमलंय," त्या म्हणाल्या. "चिमटा दे. भिंगरे, माझ्याकडं बघ. आता मी सांगेन तेव्हाच जोर करायचा, तोवर नाही. आईसारखा आवाज काढून जिनं शाळेतली सगळी पोरं पळवून लावली ती तू. एवढं तर जमेल."

भिंगरी हसली की रडली कोण जाणे, पण तिच्यात जीव आला. आणि मग मी ते हात पाहिले. जिन्यात मधल्या पायरीवर अडणाऱ्या बाईचे ते हात चिमटा घेऊन आत गेले ते कुठंही न अडता. कुठं किती ओढायचं आणि कुठं नुसतं थांबायचं, हे त्या हातांना डोळे नसते तरी कळलं असतं. ऊन पलंगाच्या पायावरून उतरून जमिनीवर आलं तेव्हा बाळ बाहेर होतं. निळसर, गप्प. वन्संनी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, नाळ कापली आणि नर्सच्या हातात दिलं, कारण भिंगरीचं रक्त जरा जास्त जात होतं आणि तिकडं त्यांची गरज होती. आमच्याकडं पाठ करून त्या तिच्यावर वाकल्या.

नर्सनं बाळाला कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन चोळलं. एकदा. परत. आणि ते रडलं. रडलं म्हणजे काय, भिंती हादरल्या. बाहेर वर्तमानपत्र फाटल्याचा आवाज मला ऐकू आला.

वन्सं आपलं काम करत होत्या. वार पडली, रक्त थांबलं, त्यांनी पोट दाबून पाहिलं. सगळं झाल्यावर कंबर सरळ केली आणि मागं न वळता, अगदी हळू आवाजात विचारलं, "रडलं का?"

खोली त्या रडण्यानं भरलेली होती. नर्स तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघायला लागली. वन्सं तशाच पाठमोऱ्या उभ्या, खांदे वर ओढलेले, उत्तराची वाट पाहत. मागं वळून बघायचं धैर्य त्यांना होत नव्हतं.

आयुष्यभर हळू बोल, हळू बोल ऐकलेली मी. मी छाती भरून श्वास घेतला आणि जेवढा म्हणून आवाज मला मिळालाय तेवढा सगळा लावला.

"रडलं, वन्सं! मुलगी आहे! घर डोक्यावर घेतलंय तिनं!"

गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. पलीकडच्या खोलीतली बाळं एका सुरात उठली. वन्संचे खांदे खाली आले. त्या वळल्या, त्यांनी बाळाकडं पाहिलं, तिचं उघडं लाल तोंड पाहिलं, आणि मग मला दटावलं.

"हळू, वहिनी. बायका झोपल्यात."

भिंगरीजवळ बाळ दिलं, तिचं सगळं आवरलं, तिला डोळा लागला. मग बघते तो वन्सं खोलीत नाहीत. बाहेर आले. हे आणि जावई आत बाळ बघायला धावले होते, आणि रिकाम्या झालेल्या बाकावर वन्सं बसल्या होत्या. पाठ भिंतीला टेकलेली, धुतलेले ओले हात मांडीवर. खोटं बोट वाजवणाऱ्या मुलींना त्या बसवायच्या, तोच बाक. त्यावर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी शेजारी बसले. माझे पाय खाली पोचत होते तरी लोंबत असल्यासारखे वाटत होते, इतकी मी दमले होते. बोलावं तर ओरडावं लागणार, म्हणून गप्प राहिले. मग त्यांनीच माझ्याकडं मान वळवली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तुला शिवता येतं ना? शिकव मला."

मी मान हलवली. नळी माझ्या मुठीत तशीच होती. ती त्यांनी परत मागितली नाही.